गण्डूपद, गांडूळ आणि जंत : पर्णार्कांच्या कृमिघ्न परीक्षणाविषयी

एखाद्या वनस्पतीच्या पानांचा अर्क कृमिघ्न आहे किंवा नाही हे ठरविण्याची जी पद्धत भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत विशेष रूढ आहे, ती समजण्यास सोपी आणि करण्यास अल्पखर्चाची आहे. पाने गोळा करून सावलीत वाळवितात, त्यांचे भरड चूर्ण करतात, ते पाण्यात, मद्यार्कात किंवा मेथॅनॉलात भिजत ठेवून अथवा सॉक्सलेट उपकरणात तापवून अर्क काढतात आणि द्रावक उडवून देऊन मागे उरलेला काळपट हिरवा, चिकट गोळा तोलून घेतात. या गोळ्याची दर मिलिलिटरास १०, २५, ५० मिलिग्रॅम अशा चढत्या प्रमाणांची द्रावणे करून ती काचेच्या बशांत ओततात. प्रत्येक बशीत सुमारे सारख्या लांबीची सहा गांडुळे सोडतात. एका बशीत नुसते लवणजल असते, दुसरीत पायपरेझिन सायट्रेट किंवा अल्बेंडाझोल हे प्रमाणभूत औषध असते. मग घड्याळ पाहत बसावयाचे. गांडूळ आपण होऊन हालेनासे झाले, की तो पक्षाघाताचा क्षण. बशी जोराने हालवूनही, किंवा गांडूळ ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवूनही ते वळवळत नाही आणि त्याचा रंग फिका पडतो, तो मृत्यूचा क्षण. दोन्ही काळ मिनिटांत मांडून कोष्टक तयार होते, आणि अर्काने प्रमाणभूत औषधाहून कमी वेळ घेतला असल्यास ती वनस्पती ‘कृमिघ्न’ ठरते.

या संपूर्ण प्रयोगात परजीवी कृमी कोठेच नाही. गांडूळ कोणाच्याही आतड्यात राहत नाही, कोणाचेही रक्त पीत नाही. ते ओल्या मातीत राहते आणि शेतकऱ्यास उपकारक आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी अशा निबंधांत एक समर्थन दिलेले असते: गांडुळाची शरीररचना आणि शरीरक्रिया मानवी आतड्यातील गोल जंताशी मिळतीजुळती असल्यामुळे त्यावरील परिणाम जंतावरही लागू समजावा. हे समर्थन एका निबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उतरत आले आहे. मात्र त्याचा उगम शोधू गेल्यास प्राणिशास्त्राच्या आधी भाषेकडे जावे लागते, आणि हा विषय भाषेच्या अभ्यासकाच्या दारी येतो तो याच वाटेने.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांची उत्पत्ती चार ठिकाणी मानली आहे: बाह्य मल, रक्त, कफ आणि पुरीष. बाह्य मलापासून होणाऱ्या कृमींत उवांचा समावेश होतो. म्हणजे ‘कृमी’ या शब्दाची व्याप्ती आजच्या कोणत्याही प्राणिशास्त्रीय वर्गाशी जुळणारी नाही. शरीरास लागलेला, लहान, सरपटणारा किंवा वळवळणारा असा जीव, एवढाच तिचा अर्थ. कफज कृमींचे वर्णन करताना काही चामड्याच्या पट्ट्यासारखे रुंद, काही बारीक लांब दोऱ्यासारखे, आणि काही गोल घेराचे, गण्डूपदाच्या आकाराचे, असे भेद केले आहेत. गण्डूपद म्हणजे गांडूळ. मराठी शब्दाच्या पूर्वार्धात तेच पद असावे. वर्णन नेमके आहे. मोठा गोल जंत ज्याने एकदा पाहिला त्याला याहून जवळची उपमा सुचणार नाही. पुढे उपमेचे नाव झाले, आणि आयुर्वेदाच्या आधुनिक पाठ्यपुस्तकांत गोल जंताला ‘गण्डूपद कृमी’ असेच म्हटलेले आढळते.

युरोपातही हेच घडले. १७५८ मध्ये लिनीअसने या जंतास ‘ॲस्कॅरिस लुंब्रिकॉइडीस’ हे नाव दिले. ‘लुंब्रिकस’ म्हणजे गांडूळ, आणि त्यास लागलेला प्रत्यय ‘सदृश’ या अर्थाचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांनी एकच उपमा योजली, एवढ्यावरून ती डोळ्यांना किती स्वाभाविक वाटते हे कळते. लिनीअसने दोन्ही प्राणी एकाच गणात घातले होते. वस्तुतः त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, १६८३ मध्ये, एडवर्ड टायसन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने गोल जंताचे विच्छेदन करून त्याची आंतररचना गांडुळाहून भिन्न असल्याचे दाखविले होते. तरीही नाव टिकले, आणि नावाबरोबर समजूतही टिकली. १९१८ मध्ये अमेरिकेतील टोराल्ड सोलमन याने कृमिनाशक द्रव्यांची परीक्षा गांडुळांवर घेऊन निबंध लिहिला. त्या काळी प्रयोगशाळेत जंत जिवंत ठेवणे दुष्कर होते, हे ध्यानात घेता ती तडजोड समजण्याजोगी होती. शंभर वर्षांनंतर तीच तडजोड समर्थनासह चालू आहे.

‘गण्डूपद’ या शब्दाची कोशकारांनी दिलेली फोड अशी, की गण्डू, म्हणजे गाठी, हेच ज्याचे पाय आहेत तो. गांडुळाच्या अंगावरील वलये, म्हणजे खंड, या नावातच नोंदविलेले आहेत. गोल जंताच्या अंगावर असे खंड नसतात. ज्या लक्षणावरून गांडुळास हे नाव मिळाले, नेमक्या त्याच लक्षणाने जंत गांडुळाहून वेगळा होतो. उपमा देणाऱ्याने आकार पाहिला होता. उपमा वाहून नेणाऱ्यांनी ती आप्तसंबंधाची साक्ष मानली.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा आप्तसंबंध फार दूरचा आहे. गांडूळ वलयी प्राण्यांच्या संघातले, तर गोल जंत आणि अंकुशकृमी हे नेमॅटोडा संघातले. १९९७ पासून रेणवीय पुराव्याच्या आधारे प्राण्यांची जी वंशावळ मांडली जात आहे, तिच्यात नेमॅटोडा हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या शाखेत, कीटकांच्या बाजूला, जातात. गांडूळ मात्र गोगलगायींच्या शाखेत राहते. पट्टकृमी आणि पानासारखे चपटे यकृतकृमी यांचा संघ आणखी निराळा. तेव्हा गांडुळावरून जंताविषयी अनुमान काढणे हे, वंशावळीपुरते बोलावयाचे तर, गोगलगायीवरून झुरळाविषयी अनुमान काढण्यासारखे आहे.

वंश दूरचा असला तरी शरीरक्रिया जवळची असू शकेल, असा प्रतिवाद करता येतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. दोघांच्याही स्नायूंवर ॲसिटिलकोलीनची हुकमत चालते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधीवर काम करणारी काही द्रव्ये दोघांनाही लुळी करतात. परंतु द्रव्य त्या संधीपर्यंत पोहोचले पाहिजे. गांडूळ त्वचेने श्वास घेते. त्याची त्वचा ओली, पातळ आणि पारगम्य असते. गोल जंताच्या अंगावर कोलॅजेनची जाड, अनेक थरांची उपत्वचा असते, आणि पाचक रसांनी भरलेल्या आतड्यात त्याचे आयुष्य जात असल्याने आक्रमक द्रव बाहेर ठेवणे हेच तिचे काम असते. गांडुळास भरपूर प्राणवायू आणि मातीचा गारवा हवा. जंत शरीराच्या उष्णतेत आणि अत्यल्प प्राणवायूत राहतो. पानांच्या अर्कात टॅनिने आणि सॅपोनिने विपुल असतात. टॅनिने प्रथिनांशी संयोग पावून उघडी त्वचा आखडवितात, सॅपोनिने पेशींची आवरणे सैल करतात. तशात अर्क आम्ल असला आणि पाच टक्के दाट असला, तर त्यात बुडविलेल्या गांडुळाने प्राण सोडावेत यात नवल ते कोणते? चहाचा कडक काढादेखील या परीक्षेत अगदीच नापास होईल असे वाटत नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या बशीतील लवणजलही मानवी रक्ताशी समतोल असते. गांडुळाच्या शरीरद्रवाशी ते समतोल नाही.

प्रमाणभूत औषधांची निवडही तपासण्यासारखी आहे. अल्बेंडाझोल हे जंताच्या पेशींतील ट्यूब्युलिन या प्रथिनास चिकटते. त्यामुळे पेशींचा आतला सांगाडा उभा राहत नाही, ग्लुकोज शोषले जात नाही आणि जंत उपासमारीने सावकाश, काही दिवसांत संपतो. अशा औषधाची मिनिटांत मोजल्या जाणाऱ्या शर्यतीत अर्काशी गाठ घालणे म्हणजे त्याला न येणाऱ्या खेळात हरविणे होय. पायपरेझिनची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ते जंतास मारीतच नाही. ते त्याच्या स्नायूंवर गॅमा-अमायनोब्युटिरिक आम्लासारखे कार्य करून त्यांस शिथिल करते. आतड्याच्या भिंतीस रेटून उभे राहण्याची जंताची शक्ती जाते, आणि मलाबरोबर तो जिवंतच बाहेर पडतो.

येथे पुन्हा शब्दांकडे वळावे लागते. ‘कृमिघ्न’ यातील ‘घ्न’ हा मारण्याचा अर्थ देतो. तथापि मराठी घरांत जंत ‘मेले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. जंत ‘पडले’ असे म्हणतात, आणि औषध जंत ‘पाडते’. बोलीतील ही क्रियापदे घडणाऱ्या गोष्टीचे वर्णन शास्त्रीय संज्ञेपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात. चरकानेही कृमींच्या चिकित्सेचे तीन भाग पाडले आहेत. अपकर्षण म्हणजे हाताने किंवा औषधाने ओढून बाहेर काढणे. प्रकृतिविघात म्हणजे ज्या परिस्थितीत कृमी वाढतात तीच बिघडविणे. आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणे. पायपरेझिन अपकर्षणात मोडते. प्रयोगवहीत ‘पक्षाघाताचा काळ’ आणि ‘मृत्यूचा काळ’ असे दोन रकाने असतात, आणि निष्कर्ष लिहिताना भर दुसऱ्यावर दिला जातो. आतड्यातील व्यवहाराच्या दृष्टीने पहिलाच रकाना पुष्कळदा मोलाचा असतो. जाता जाता आणखी एका शब्दजोडीचा उल्लेख करावयास हवा. संस्कृत ‘जंतू’ म्हणजे कोणताही जीव. मराठीत त्याचे दोन निराळे वंशज झाले: ‘जंत’ आतड्यातला, आणि ‘जंतू’ सूक्ष्मदर्शकातला. ‘जंतनाशक’ आणि ‘जंतुनाशक’ यांत एका उकाराचे अंतर आहे, आणि तेवढ्या अंतरात एका पानाच्या अंगी नसलेला गुण त्याच्या नावावर मांडला जाऊ शकतो.

खऱ्या परजीवी कृमींवर परीक्षा घेणे आता दुष्कर राहिलेले नाही. यासाठी सर्वांत उपयोगी ठरलेला कृमी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या जठरात राहणारा हीमाँकस कॉन्टॉर्टस. तो रक्त पितो; एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण एका मेंढीच्या जठरात असे हजार कृमी असल्यास रोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि कोकराच्या खालच्या जबड्याखाली पाणी साचून सूज येते, ती पुष्कळ मेंढपाळांच्या परिचयाची असते. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ही विपुलता मेंढीच्या दृष्टीने आपत्ती असली तरी प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने सोय आहे. ताज्या लेंड्यांतून अंडी वेगळी करून प्रत्येक कुपीत सुमारे शंभर अंडी आणि ठरलेल्या प्रमाणात अर्क घालतात, २५ ते २७ अंश तापमानात ४८ तास ठेवतात, मग आयोडिनचा थेंब टाकून सर्व हालचाल थांबवितात आणि किती अंडी फुटून अळ्या झाल्या व किती तशीच राहिली हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. येथे प्रमाणभूत औषध थायाबेंडाझोल असते. अर्काचे प्रमाण वाढवीत नेऊन निम्मी अंडी ज्या प्रमाणास फुटत नाहीत ते प्रमाण काढता येते. ‘इतक्या मिनिटांत मेले’ या विधानापेक्षा हा आकडा दोन प्रयोगशाळांत ताडून पाहण्यास फार सोयीचा असतो. याच्या जोडीला अळ्यांची वाढ खुंटते का, त्यांना बारीक जाळीतून पार होता येते का, आणि खाटिकखान्यातून मिळविलेल्या जठरातील प्रौढ कृमींची हालचाल कितव्या तासाला थांबते, अशाही परीक्षा आहेत.

अर्थात या परीक्षांनाही मर्यादा आहेत. अंड्यावर परिणाम करणारे द्रव्य प्रौढ कृमीवर परिणाम करीलच असे नाही. पानांतील टॅनिनांचा अडथळा येथेही असतो, पण त्यावर तोड निघालेली आहे: पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन हे टॅनिनांस धरून ठेवणारे द्रव्य अर्कात मिसळून परीक्षा पुन्हा घ्यावयाची. परिणाम नाहीसा झाला तर तो टॅनिनांचा होता, राहिला तर अन्य कशाचा. ही एक जादा रांग मांडण्याचा कंटाळा न केल्यास अनेक संदिग्ध निष्कर्ष टळतील. टॅनिनांचा परिणाम खोटा समजावा असाही याचा अर्थ नाही. टॅनिनयुक्त पाला चरणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्यांतील अंडी कमी होतात हे अनेक देशांत आढळून आले आहे. एवढेच, की तो चाऱ्याचा गुण म्हणून सांगावा, नवे औषध सापडले म्हणून सांगू नये. जेथे मेंढ्यांची सोय नाही तेथे मातीतील कॅनोऱ्हॅब्डायटिस एलेगान्स हा सूक्ष्म गोलकृमी वापरता येतो. तोही परजीवी नाही, परंतु निदान संघ तरी तोच आहे. १९७४ मध्ये सिडनी ब्रेनर यांनी त्याच्या आनुवंशिकीची पायाभरणी केल्यापासून त्याच्याइतका तपशिलाने अभ्यासलेला दुसरा कृमी नाही. मेघालयात याहून सरळ मार्ग अनुसरलेला दिसतो. तेथे सोह-फ्लांग नावाचे कंद पोटातील कृमींसाठी सालीसकट खाल्ले जातात. शिलाँग येथील विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी त्या सालीचा अर्क आणि तीतील जेनिस्टिन हे द्रव्य प्रत्यक्ष पर्णाभ कृमींवर व कोंबड्यांच्या पट्टकृमींवर तपासले. वस्तू पानांऐवजी साल होती, पण ज्या कृमीविषयी बोलावयाचे तोच कृमी बशीत होता.

कृमीच्या नावाइतकाच घोटाळा वनस्पतीच्या नावातही होतो. चरकाच्या त्याच अध्यायात पानांच्या अंगरसाचा एक प्रयोग दिला आहे. एक वनस्पती मुळे, शेंडे आणि ताणे यांसह आणावी, तुकडे करून उखळात कुटावी, हातांनी पिळून रस काढावा, त्या रसात तांबड्या साळीच्या तांदळाचे पीठ कालवून त्याच्या पोळ्या कराव्यात, त्या धूर नसलेल्या निखाऱ्यांवर भाजून वावडिंगाचे तेल आणि मीठ लावून रुग्णास खावयास द्याव्यात, असा त्याचा आशय आहे. ही वनस्पती कोणती? मुद्रित प्रतींत पाठभेद आहे: कोठे मूलकपर्णी, कोठे मूषकपर्णी. मूलकपर्णी हे नाव कोशांत शेवग्याचे म्हणून येते. मूषकपर्णी किंवा आखुपर्णी म्हणजे उंदराच्या कानासारखे पान असलेली. मराठीत उंदीरकानी, जमिनीवर पसरणारी लहान वेल, वनस्पतिशास्त्रात मेरेमिया एमार्जिनाटा, पूर्वीच्या ग्रंथांत इपोमिया रेनिफॉर्मिस. एका अक्षराच्या फरकाने झाडाची वेल होते. मात्र वाक्यातच एक खूण आहे. मुळांसह आणि ताण्यांसह उपटून आणावयाची वस्तू वेल असणे संभवते. शेवग्याचे झाड कोणी मुळासकट उखळात घालीत नाही. यास्तव मूषकपर्णी हा पाठ अधिक ग्राह्य वाटतो. परंतु तो स्वीकारल्यानेही प्रश्न मिटत नाही, कारण उंदराच्या कानासारखी पाने असणाऱ्या वनस्पती अनेक आहेत. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात आखुकर्णी या पर्यायनावापुढे साल्व्हिनिया ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती दिलेली आहे.

म्हणून निबंधात ‘स्थानिक बाजारातून आणलेली पाने’ एवढे लिहून भागत नाही. जिच्या पानांचा अर्क काढला त्याच झाडाची फुलाफळासह वाळविलेली फांदी एखाद्या मान्य वनस्पतिसंग्रहात ठेवून तिचा क्रमांक नोंदविणे आवश्यक आहे. पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह, अशा सोयी हाताशी आहेत. ब्लॅटर, कायस आणि म्हसकर या तिघांनीच कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध केली होती. त्यांपैकी म्हसकर आणि कायस यांनी १९२० च्या सुमारास मद्रास इलाख्यातील अंकुशकृमींच्या चौकशीच्या निमित्ताने कृमिनाशक द्रव्यांची रासायनिक घटना आणि त्यांचे चिकित्सामूल्य यांचा परस्परसंबंध तपासणारी दीर्घ निबंधमाला लिहिली, आणि तीत देशी औषधेही घेतली. परीक्षेचा विषय खरा अंकुशकृमी आणि खरा रुग्ण असला पाहिजे, हा दंडक या देशात शंभर वर्षांपूर्वी घातलेला होता.

वनस्पती निश्चित झाली तरी अर्क कसा काढावा हा प्रश्न उरतो, आणि त्याचेही उत्तर कधी कधी जुन्या ग्रंथाच्या क्रियापदात दडलेले असते. चीनमधील तू यूयू यांनी मलेरियावरील औषधासाठी छिंगहाव या वनस्पतीचा अर्क काढला, तेव्हा परिणाम एकदा दिसे, एकदा नाहीसा होई. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी असे सांगितले होते. उकळावी असे नव्हते. त्यावरून उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून त्यांनी ईथरने, कमी तापमानात, अर्क काढला, आणि १९७१ मध्ये मलेरियाग्रस्त उंदरांवर तो पूर्णपणे यशस्वी झाला. २०१५ चे नोबेल पारितोषिक तू यूयू यांना मिळाले. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग गोलकृमींवरील औषधासाठी कॅम्बेल आणि ओमुरा यांना विभागून देण्यात आला होता. नावाचा घोळ तेथेही होताच: चिनी वनस्पतिशास्त्रात छिंगहाव हे नाव ज्या जातीस दिले आहे तीत हे द्रव्य नाही, ते आर्टेमिसिया ॲन्युआ या तिच्या बहिणीत आहे. मलेरियाचा परजीवी कृमी नव्हे, हे खरे. पण भिजविणे, पिळणे, उकळणे आणि भाजणे या क्रियांतील भेद सर्वच अर्कांना लागू आहे. मूषकपर्णीचा रस थंड पिळला जातो आणि नंतर पिठाबरोबर निखाऱ्यावर भाजला जातो. सॉक्सलेटमध्ये मेथॅनॉलाने तासन्‌तास तापविलेला तिच्या पानांचा अर्क ही निराळीच वस्तू आहे. त्याच्या यशाने चरकाचा प्रयोग सिद्ध होत नाही आणि अपयशाने तो खोटाही ठरत नाही. शिवाय त्या प्रयोगात वावडिंगाचे तेल आहे, आणि वावडिंग स्वतःच कृमींवरील प्रसिद्ध औषध आहे.

मात्रेचा हिशेब तर बहुधा कोणी मांडीतच नाही. बशीत ५० मिलिग्रॅम दर मिलिलिटर हे प्रमाण परिणामकारक ठरले असे धरू. मनुष्याच्या लहान आतड्यातील द्रव एक लिटर मानला, तर तेच प्रमाण तेथे आणण्यास ५० ग्रॅम शुष्क अर्क लागेल. वाळलेल्या पानांपासून दहा टक्के अर्क मिळतो असे मानल्यास अर्धा किलो वाळलेली पाने, म्हणजे अदमासे दोन किलो ओली पाने लागतील, आणि तीही एका वेळी. लहान मुलास आजी जो अंगरस देते तो दोन-चार चमचे असतो. मेंढीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: द्रव्य चौथ्या जठरात पोहोचण्यापूर्वी पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात.

आणि ज्या मात्रेने कृमी मरतो त्या मात्रेने यजमान जगतो का, हे गांडूळ सांगू शकत नाही. सीताफळाच्या पानांचा अर्क गांडुळांवर प्रभावी ठरला तर त्यात आश्चर्य नाही; या वनस्पतीतील ॲसिटोजेनिने पेशींच्या श्वसनाची साखळीच तोडतात, आणि ती साखळी मेंढीतही असते, माणसातही असते. उवांसाठी लावलेल्या सीताफळाच्या बियांच्या पुडीने डोळ्यांस इजा होते हे महाराष्ट्रातील नेत्रवैद्यांस ठाऊक आहे. तंबाखूचे उदाहरण याहून बोलके आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोरचूद आणि निकोटीन सल्फेट यांचे मिश्रण मेंढ्यांस हीमाँकसवर खरोखरच पाजीत असत. औषध चालत असे. पण मात्रा किंचित वाढली की मेंढी दगावे. पुढे १९६० नंतरच्या दशकात आलेले लेव्हामिसोल हे कृमीच्या शरीरात निकोटीनच्याच ग्राहीवर काम करते, मात्र सस्तन प्राण्याच्या ग्राहीपेक्षा कृमीच्या ग्राहीस ते अधिक मानवते. जुन्या विषात आणि नव्या औषधात फरक पडला तो या निवडकपणाचा. गांडुळांच्या बशीत दोघेही सारखेच उत्तीर्ण होतील.

या सर्व खटाटोपाची निकड खोटी नाही. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आले, आणि काही वर्षांतच त्यास दाद न देणारे हीमाँकस आढळू लागले. त्यानंतर आलेल्या औषधांच्या प्रत्येक मोठ्या कुळाची पुढेमागे तीच गत झाली. भारतात फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांस अल्बेंडाझोल दिले जाते. इतक्या मोठ्या योजनेचा भार मुख्यतः एका औषधावर आहे. नवे द्रव्य पानांतून मिळण्याची शक्यता आहेच. उलट नारूचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नारूवर मराठी मुलुखात लेपांची आणि पाल्यांची कमतरता नव्हती, तरी त्या कृमीवर गुणकारी औषध अखेरपर्यंत सापडले नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि पाणी फडक्याने गाळून तो गेला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. चरकाच्या परिभाषेत हे निदानपरिवर्जन होय.

मूषकपर्णीची परीक्षा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत बसण्यासारखी आहे. तिच्यासाठी उंदीरकानीची ओळख पटलेली वेल, उखळ, तांबड्या तांदळाचे पीठ, निखारे आणि सूक्ष्मदर्शक एवढे साहित्य पुरे. थंड पिळलेला रस, त्याच रसाच्या भाजलेल्या पोळीचा अर्क, वावडिंगाच्या तेलासह आणि तेलाविना, असे चार नमुने करावेत. प्रत्येक नमुना टॅनिने काढून आणि न काढता हीमाँकसच्या अंड्यांवर व प्रौढ कृमींवर तपासावा. आणि ज्यात काही आढळेल तेवढाच नमुना, प्राणिप्रयोगांच्या नैतिक समितीची अनुमती घेऊन, शेळ्यांच्या दोन गटांपैकी एकास द्यावा. मॅकमास्टर पट्टिकेवर दर ग्रॅम लेंडीतील अंडी आरंभी आणि चौदाव्या दिवशी मोजावीत. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली ही पट्टिका आजही पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. तिच्यावर दिसलेल्या एका अंड्याचा हिशेब बहुधा पन्नास अंड्यांचा धरतात, त्यामुळे मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करणे बरे.